नागपूर-पुणे : विमान दीड तासाचं, प्रवास सहा तासांचा

विदर्भातून नोकरीसाठी पुण्यात आलेले सगळे पहिल्याच महिन्यात एक गणित मांडतात: नागपूरचं विमान दीड तासाचं, म्हणजे शुक्रवारी ऑफिस सुटलं की रात्री जेवायला घरी. पोट्टेहो, ते गणित आधी पुसा.

हवाई अंतर साधारण 600 किलोमीटर, हे खरं. पण तुम्ही राहता हिंजवडीत आणि विमानतळ लोहगावला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शुक्रवारी संध्याकाळी तेवढ्यातच दोन तास जातात, पाऊस असला तर विचारूच नका. बॅग द्यायची असेल तर काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं. पुढे तपासणीची रांग, मग नागपूरला सोनेगाव विमानतळावर उतरून बॅगेची वाट. दारापासून दारापर्यंत सहा तास धरून चाला. मेट्रो विमानतळापर्यंत जात नाही, रामवाडीला उतरून रिक्षा करावी लागते. परत येताना कॅबसाठी एरोमॉलकडे, म्हणजे विमानतळाच्या बहुमजली पार्किंगकडे, चालत जायचं.

आईनं दिलेलं लोणचं मोठ्या बॅगेतच टाका. हातातल्या पिशवीतली तेलाची बरणी तपासणीत अडवतात, आणि ती तिथं सोडून येणं लय जिवावर येतं बाप्पा.

रेल्वे दौंडहून अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ असा उत्तरेकडून वळसा घेते, म्हणून अंतर 890 किलोमीटरच्या घरात जातं. तरी माझं मत रात्रीच्या गाडीलाच. संध्याकाळी बसलात की बडनेऱ्याच्या आसपास उजाडतं, चहावाला डब्यात शिरतो आणि त्याची बोली ऐकूनच घर आल्यासारखं वाटतं. अकोला-अमरावतीवाल्यांनी तर नागपूरचं विमान धरूच नये. स्वतःचं गाव ओलांडून पुढे जायचं आणि पुन्हा मागे यायचं, हा कुठला शहाणपणा? आरक्षण 60 दिवस आधी सकाळी आठला उघडतं. दिवाळीच्या तारखेला आठ वाजून पाच मिनिटांनी लॉगिन करणाऱ्याच्या नशिबी वेटिंगच. 2025 पासून वंदे भारतही आहे, 12 तासांची, पण दिवसा आणि बसून.

ट्रॅव्हल्स समृद्धीवर सुसाट पळते आणि येताना वाघोलीत येऊन अडकते. सणासुदीला भाडं अवाच्या सवा सांगतात. नियमानं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा तिकीट जपून ठेवा, आरटीओकडे तक्रार करता येते.

विमान खरं कामाला येतं ते रात्री उशिरा घरून फोन आला तर. तोवर ट्रॅव्हल्स निघून गेलेल्या असतात, गाडीही सुटलेली असते. सकाळचं पहिलं विमान धरा. त्यासाठी कार्डावर तेवढी रक्कम कायम शिल्लक ठेवा, आधार डिजिलॉकरमध्ये आजच घालून ठेवा. आणि त्या तिकिटासोबत परतीचं काढू नका.