अमिगा १२००मध्ये हार्ड डिस्क बसवणे आणि तिचे विभाग पाडणे

कमोडोरने १९९२ साली बाजारात आणलेल्या अमिगा १२०० या संगणकात अडीच इंची आयडीई (डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्कसाठी ४४ पिनांची जागा मुळातच दिलेली आहे. या डिस्कला केवळ ५ व्होल्ट लागतात आणि ते त्याच केबलमधून मिळतात. साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टही लागत असल्याने तिच्यासाठी वीजपुरवठा वेगळा आणावा लागतो. जुनी फिरती डिस्क आज भरवशाची राहिलेली नाही, म्हणून अडॅप्टरवर बसवलेले ४ जीबीचे कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून मोठे कार्ड टाळण्याचे कारण नीट समजून घ्यावे. किकस्टार्ट ३.०मधील (यंत्राच्या रॉम चिपमध्ये असलेली मूळ प्रणाली) डिस्क-ड्रायव्हर आणि फास्ट फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, डिस्कवरील जागा ३२ बिटांच्या आकड्याने मोजतात. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९६ बाइटांच्या पलीकडे लिहू पाहिलेला मजकूर पुन्हा डिस्कच्या आरंभी जाऊन पडतो, आणि विभागांचा सारा तपशील जिथे नोंदलेला असतो तो रिजिड डिस्क ब्लॉक नेमका तिथेच असतो. ही चूक पहिल्या दिवशी कळत नाही. डिस्क भरत जाते आणि काही महिन्यांनी सर्व विभाग एकाएकी नाहीसे होतात. अमिगा ओएस ३.१.४पासून ही मर्यादा उरलेली नाही, परंतु मूळ रॉम वापरणाऱ्याने ती पाळलीच पाहिजे.

वीज पूर्ण तोडून यंत्र उघडावे, कीबोर्डची नाजूक पट्टी सांभाळून सोडवावी आणि पत्र्याचे आवरण काढावे. यंत्र उघडलेच आहे तर बोर्डावरील कपॅसिटरही तपासावेत. या काळातील अमिगांमध्ये त्यांतून द्रव गळून तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात, आणि तसे दिसल्यास डिस्कचे काम थांबवून आधी ती दुरुस्ती करणे शहाणपणाचे ठरते. केबलची रंगीत कड दोन्ही टोकांना पहिल्या पिनेकडेच हवी, कारण उलटी जोडल्यास वीज भलत्याच पिनांत शिरते.

यानंतर इन्स्टॉल ३.० या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करून ‘एचडीटूलबॉक्स’ हा डिस्कचे विभाग पाडणारा प्रोग्राम उघडावा. नव्या कार्डासाठी ‘चेंज ड्राइव्ह टाइप’, मग ‘डिफाइन न्यू’ आणि ‘रीड कॉन्फिगरेशन’ या क्रमाने गेल्यास कार्ड स्वतःची मापे सांगते. ‘पार्टिशन ड्राइव्ह’मध्ये पहिला विभाग, म्हणजे डीएच०, ५०० एमबीच्या आतच ठेवावा आणि तो बूट होण्याजोगा असल्याची खूण करावी, उरलेली जागा डीएच१ला द्यावी. वर्कबेंचला (अमिगाची चिन्हे व खिडक्यांची प्रणाली) जागा थोडीच लागते, आणि प्रणालीचा विभाग लहान असला की बिघाडानंतर त्याची तपासणीही लवकर आटोपते.

‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ चालू करून प्रत्येक विभागाचे मॅक्सट्रान्सफर मूल्य बदलावे, ही पायरी गाळू नये. तिथे शून्य-एक्स-एक-एफ-ई-शून्य-शून्य हे मूल्य भरावे. त्याचा अर्थ एका वेळी २५५ सेक्टर, म्हणजे १,३०,५६० बाइट. मूल्य याहून मोठे राहिल्यास काही कार्डांवर मोठ्या फाइली कोणताही इशारा न मिळता खराब होतात, आणि मग दोष कार्डाचा की केबलचा हे शोधण्यात दिवस जातात. मूल्य टंकल्यावर रिटर्न दाबल्याशिवाय ते स्वीकारले जात नाही. शेवटी ‘सेव्ह चेंजेस टू ड्राइव्ह’ निवडून यंत्र पुन्हा सुरू करावे.

आता वर्कबेंचवर दोन्ही विभागांची चिन्हे दिसतील, पण त्यांच्या नावांपुढे एनडीओएस अशी अक्षरे असतील, म्हणजे ते अजून फॉरमॅट झालेले नाहीत. चिन्ह निवडून मेनूतील ‘फॉरमॅट डिस्क’ उघडावे, फास्ट फाइल सिस्टम आणि इंटरनॅशनल मोड चालू ठेवावेत, डिरेक्टरी कॅश (फोल्डरांतील याद्यांची जादा नोंद) मात्र बंद ठेवावा, कारण त्यामुळे लिहिण्याचा वेग घटतो आणि बिघडलेला विभाग दुरुस्त करणे अवघड होते. ‘क्विक फॉरमॅट’ पुरेसे आहे. मग त्याच फ्लॉपीवरील इन्स्टॉलर चालवून, तो मागेल तशा फ्लॉप्या घालत जावे.

या प्रणालीत यंत्र बंद करण्याची वेगळी आज्ञा नाही. म्हणून डिस्कचा दिवा विझल्यावर काही सेकंद थांबूनच वीज बंद करावी. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास पुढच्या वेळी तो विभाग आधी तपासला जातो, आणि ती तपासणी पूर्ण होईपर्यंत त्यावर काहीही लिहिता येत नाही.