पाणी बघून वाट ठरवा: धायरी ते मोहरी, जाड टायरच्या सायकलीवर

पुण्याच्या धायरीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवाळीची ब्लाउजं एकदाची गेली की चार दिवस शटर खाली. मशीनवर वाकून आखडलेली पाठ घेऊन मी ग्रॅव्हल सायकलीवर तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याकडे निघते, कारण भातं कापून झालेली असतात, चिखल वाळलेला असतो आणि ओढ्यांना अजून पाणी असतं. दुकानात येणाऱ्या मुली विचारतात, "काकू, ग्रॅव्हल म्हणजे नक्की काय?" खडी, मुरूम, पाणंद, जिथे ट्रॅक्टर जातो पण एसटी जात नाही, तो सगळा रस्ता. सायकलीला रेसरसारखं वळलेलं हँडल आणि खाली जाड टायर, एवढंच.

ॲपमध्ये दोन टोकं टाकून जी रेघ मिळते तिच्यावर निघू नका. आधी पाणी कुठून कुठे वाहतं ते बघा. कानंद खोरं, मोसे खोरं, मुठा खोरं, गुंजण मावळ ही नावं उगाच पडलेली नाहीत. नदीच्या अंगाने जाणारी वाट लांब असली तरी हळूहळू चढते. खोरं बदलायचं झालं की मात्र खिंड आली, आणि खिंड दम काढते. म्हणून मी किलोमीटर मोजत नाही, खिंडी मोजते. सामान लादलेल्या सायकलीवर दिवसाला एक, पाय चांगले असतील तर दोन.

पहिल्या दिवशीची खिंड पाब्याची. धायरीहून खडकवासला, डोणजे, मग धरणाच्या पाण्याकडेने खानापूर. इथवर डांबर आणि गाड्या. सकाळी सहाला निघालात तर निभतं. खानापुरातून डावीकडे वळून रांजण्यावरून चढ सुरू होतो. पूर्ण रस्ता मुरमाचा मिळेल या आशेवर जाऊ नका, दरवर्षी थोडं थोडं डांबर पडतं. गावकऱ्यांच्या दृष्टीने ते बरंच आहे, आपली हौस आपल्याजवळ. मुरूम शोधायचा तो वाड्यावस्त्यांना जोडणाऱ्या फाट्यांवर आणि शेतांकडे जाणाऱ्या पाणंदींवर. घरी बसून उपग्रहाच्या चित्रात ही वाट तांबूस-पांढरी रेघ दिसते. ती दोन वस्त्यांना जोडत असेल तर बहुधा पार जाते, शेतात जाऊन संपत असेल तर परत फिरावं लागतं. रात्री चहा घेऊन हे बघत बसण्यात अर्धी मजा आहे.

खिंडीत पोहोचलात की थांबा. मागचं पाणी खडकवासल्यात येतं आणि पुण्याच्या नळाला जातं. पुढचं कानंदी-गुंजवणीवाटे नीरेला. दोन्ही शेवटी भीमेतच मिळतात, पण ते फार पुढे. समोर तोरणा, डावीकडे राजगड. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा. खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की माणूस रस्त्यावर, हे माझ्या डाव्या कोपराला विचारा. धायरी ते वेल्हे पन्नासच्या आत बसतं, दुपारच्या जेवणाला पोहोचता येतं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, विचारताना मात्र वेल्हेच म्हणा. मुक्कामाचं आधी फोनवर ठरवा, कारण शनिवार-रविवारी तोरण्याला जाणारी पोरं खोल्या भरून टाकतात.

दुसरा दिवस मोहरीचा. वेल्ह्याच्या पश्चिमेला हारपूड, वरोती करत शेवटी मोहरी. इथे खरी खडी भेटते, झाडी दाट होते आणि रस्त्यावर माणूस कमी. मोहरीच्या पुढे रायलिंग पठार. सायकल गावात ठेवून चालत जा. समोर लिंगाणा, त्याच्या मागे रायगड. खाली कोकण. हा रस्ता इथेच संपतो, आल्या वाटेने परतायचं, म्हणून निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरा.

नकाशात मात्र तो संपलेला दिसत नाही, आणि इथे लोक फसतात. मोहरी आणि शेजारच्या सिंगापूर गावाच्या पुढे कोकणात उतरणाऱ्या तुटक रेघा असतात. त्या नाळा आहेत: बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ. म्हणजे धोंड्यांनी भरलेल्या घळी. तसाच केळद गावाजवळचा मढे घाट. नावात घाट आहे म्हणून वरंध्यासारखा गाडीरस्ता असेल असं वाटतं, पण ती पायवाट आहे. पहिल्या वर्षी एका ॲपने मला केळदहून खाली कर्णवडीकडे निळी रेघ काढून दिली आणि मी सायकल खांद्यावर घेऊन अर्धा तास उतरले. मग दगड मोठे झाले आणि अक्कल आली. वर चढायला दीड तास लागला. तेव्हापासून नकाशातल्या, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा बघते: वाट त्या रेषांना आडवी कापत असेल आणि रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर ती वाट सायकलीची नाही.

रस्ता विचारायचीही पद्धत आहे. "रस्ता चांगला आहे का?" असं विचारलंत तर "हाय की, जातीय गाडी," एवढंच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारा, "मामा, दूधवाला इकडून जातो का? पावसात ट्रॅक्टर निघतो का?" दूधवाल्याची मोटारसायकल रोज जाते ती वाट आपल्याला चालते. ट्रॅक्टरसुद्धा पावसात अडकतो ती नोव्हेंबरातही संशयास्पद. आणि नुकतीच पसरलेली, रोलर न फिरवलेली मोठी खडी दिसली तर मान देऊन उतरा आणि ढकला. तिच्यावर चालवणं म्हणजे शिलाई न घालता कापड ओढणं.

टायरबद्दल माझं मत ठाम आहे: ४० मिलिमीटरपेक्षा बारीक नको. माझे ४५ आहेत, माझं वजन ६२ किलो, हवा पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय. डांबरावर थोडं जड जातं, खडीवर हाडं वाचतात. ट्यूबलेस घ्या, कारण इथला शत्रू बाभळीचा काटा आणि सराटा. ट्यूबवाली मैत्रीण बरोबर असली की दिवसाला तीन पंक्चर. आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ रसायन, उन्हाळ्यात वाळतं, निघण्याआधी टायर हलवून आवाज ऐका. पण काळ्या दगडाच्या धारेने टायरची बाजू फाटली तर सीलंट काही करत नाही. त्यासाठी माझ्या पिशवीत वाकडी सुई, मेण लावलेला जाड दोरा आणि रेक्झिनचा तुकडा असतो. आतून रेक्झिन ठेवायचं, बाहेरून तिरके टाके घालायचे, टाके फाटलेल्या कडेपासून लांब घ्यायचे नाहीतर कापड फाटतं तसं रबर फाटतं. मग ट्यूब टाकून कमी हवेवर घरी. वरोतीजवळ घातलेले सहा टाके धायरीपर्यंत टिकले. ब्लाउजाला मी एवढी काळजी घेत नाही.

गिअर हलके असू द्या. पुढच्या चकतीला ४० आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ४२ दात असतील तर पाब्याचा चढ बसून निघतो.

पावसाळ्यात जायचंच असेल तर मुरमाच्या नादी लागू नका, भातखाचरांकडेचा चिखल चाक आणि त्याला धरणाऱ्या फोर्कच्या मध्ये भरून चाक थांबवतो. गावातल्या सिमेंट रस्त्यावरचं शेवाळ त्याहून वाईट. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी थांबा; ओढा उतरायला तास-दोन तास लागतात, तेवढ्यात कोणी ना कोणी चहा देतं. फेब्रुवारीनंतर ऊन आणि वणवे. राहिले दिवाळी ते संक्रांत.

त्या दिवसांत रस्त्यावर इंद्रायणी भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून चाक घालू नका, उतरून कडेने जा. कुत्री अंगावर आली तर पळवू नका सायकल. उतरा, सायकल मध्ये धरा, शांतपणे चाला. दोनशे पावलांत त्यांचा रस संपतो. वेल्ह्याच्या पुढे हॉटेल आहे असं धरूच नका. भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, तीन लिटर पाणी, सुटे पैसे. खिंड ओलांडली की रेंज जाते-येते, म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवा. उजेडातच मुक्कामी या. जंगलात बिबट्या आहे आणि अंधारात खड्डाही दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी नसरापूरमार्गे हायवेला लागण्याचा मोह होईल. ट्रकांच्या शेजारून पुण्यात शिरण्यात काही अर्थ नाही. पाब्यानेच परत या, ऊन तापायच्या आत खिंड चढा. रविवार असेल तर खडकवासला चौपाटी चारच्या आधी ओलांडा, नंतर तिथे सायकललाही वाट मिळत नाही. मला उशीर झाला की मी सरळ भाजलेलं कणीस घेऊन कठड्यावर बसते आणि आठनंतर गर्दी फुटली की निघते. मागचा लाल दिवा मात्र वेल्ह्यातच चार्ज करून घ्या.