वंशावळीत न सापडणारं बाळ: गोव्यात शोधताना या चुका टाळा

आपल्याकडे वंशावळ काढायला कोण हौसेनं बसत नाही, एकतर पोर्तुगीज पासपोर्टची भानगड असते नाहीतर घराची वाटणी, आणि मग जन्माच्या वह्या चाळता चाळता मधेच एक जास्तीचं पोर निघतं ज्याचं नाव घरात कधी कुणी काढलेलंच नसतं. किंवा उलटं, आजी म्हणते मला सात झाली पाच जगली, आणि ती दोन कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. दोन्ही प्रकारात लोक त्याच त्याच चुका करतात म्हणून हे लिहितोय.

मेलेल्या भावाचा दाखला जिवंत भावाचा समजून घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्याकडे हिंदूंमधे आजोबांचं नाव नातवाला, ख्रिस्तावांमधेही तेच, आणि ते पोर गेलं की पुढच्या मुलाला परत तेच नाव. म्हणजे समजा आजोबांचं नाव विठोबा, तुम्हाला १९३२ च्या वहीत विठोबा मिळाला, बापाचं नाव तेच, आईचं तेच, गाव तेच, झालं, लोक लगेच सर्टिफाइड कॉपी काढून वकिलाकडे देऊन मोकळे. पण शाळेच्या दाखल्यावर १९३५ आहे ते कुणी बघत नाही, बघितलं तरी 'पूर्वी वय कमी करून सांगायचे' म्हणून सोडून देतात. सांगायचे, खरंय, पण तीन वर्षांचा फरक दिसला की आधी पुढची तीन-चार वर्षं त्याच आईच्या नावानं चाळा. दुसरा विठोबा निघाला तर पहिला बहुतेक गेलेला असतो, मग मृत्यूच्या वहीत त्याला शोधायचं. आणि चुकीच्या भावाच्या दाखल्यावर पासपोर्टसाठी लिस्बनला फाइल गेली तर पुढे लग्नाची, मुलांची, सगळीच कागदं एकमेकांशी जुळेनाशी होतात आणि ते निस्तरायला जो वेळ आणि पैसा जातो तो विचारू नका.

पोर्तुगीज नोंदीत मार्जिन असतं, त्यात नंतरच्या गोष्टी लिहिलेल्या असतात, लग्न, मृत्यू वगैरे. झेरॉक्स काढताना ते मार्जिन कापलं जाऊ देऊ नका आणि शक्य असेल तर पूर्ण मजकुराची प्रत मागा, ज्याला ऑफिसात तेओर म्हणतात. मार्जिन कोरं आहे म्हणजे माणूस जगला असं मात्र धरू नका, नोंद करायची राहून गेली असंही होतं. आणि मूळ नोंदीत आजाआजींची नावं असतात दोन्ही बाजूंची, ती जुळवा, नुसतं बापाचं नाव जुळलं म्हणून खूश होऊ नका, एका वाड्यावर एकाच नावाचे तीन चुलतभाऊ सहज असतात.

नावानं शोधणं

बारसं बाराव्या दिवशी. त्याआधी गेलेल्या बाळाला नाव कुठून असणार? इंडेक्समधे नाव नाही म्हणजे नोंद नाही असं नसतं. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणीचा कायदासुद्धा नावाशिवाय जन्म नोंदवू देतो, नाव नंतर घालता येतं, आणि पोरच उरलं नाही तर नाव घालायला कोण जातंय परत. म्हणून बाळ नाही, आई शोधायची. तिच्या सगळ्या मुलांची सालं एका कागदावर ओळीनं लिहा आणि मधल्या फटी बघा. २८, ३०, ३६, ३८ असं असेल तर तीस ते छत्तीसमधे काहीतरी झालंय. अर्थात फट दिसली की लगेच बाळ गेलं असंही नाही, नवरा मुंबईला किंवा आफ्रिकेला असेल, बाई आजारी असेल, तेही विचारून घ्या.

फटीनंतर जन्मलेल्या पोराचं नाव भिकू, धोंडू, दगडू असं निघालं तर कान टवकारा. आधीची जगली नाहीत म्हणून मुद्दाम असलं नाव ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. पुरावा म्हणून चालणार नाही पण कुठे खणायचं ते कळतं.

अजून एक, रोमन लिपीतल्या इंडेक्समधे शांता, शंकर, शेट हे सगळे एक्स अक्षराखाली असतात, प्रभू पोरोबो होतो, पै पोई होतो. एसखाली शोधून 'नाही मिळालं' म्हणणारे रोज भेटतात.

एकच वही बघून उठणं

हे नीट समजून घ्या कारण इथेच जास्त गोंधळ होतो. बाळ जिवंत जन्मलं आणि दहा मिनिटांनी गेलं तरी नोंदी दोन होतात, एक जन्माची एक मृत्यूची. बाळ मेलेलंच जन्मलं तर ना जन्माच्या वहीत ना मृत्यूच्या, १९६९ च्या कायद्याखाली त्याचं रजिस्टरच वेगळं, रिपोर्टचा फॉर्मही वेगळा, तीन नंबरचा. आणि त्यात येतात ती साधारण २८ आठवडे पूर्ण झालेली, त्याआधी गर्भ पडला असेल तर तिथे काही मिळणार नाही, शोधत बसू नका. त्यामुळे काउंटरवर जाऊन नुसतं 'बर्थ सर्टिफिकेट हवं' म्हटलं की क्लार्क जन्माचं रजिस्टर बघतो, नाही म्हणतो आणि तुम्ही घरी. मृत जन्माचं रजिस्टर बघायचंय असं स्पष्ट सांगा.

जुन्या काळाचं वेगळं. पोर्तुगालमधे राजेशाही १९१० ला गेली, १९११ ला सिव्हिल नोंदणीचा कायदा आला आणि मग तो इथेही लागू झाला. त्या वह्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे, फार जुन्या पणजीला पुराभिलेखात. तिथे पोर्तुगीज येत नसलं तरी चार शब्द ओळखता आले पाहिजेत: नादु-मोर्तु म्हणजे मेलेलं जन्मलेलं, पार्वुलु किंवा मेनोर म्हणजे लहान मूल, जेमियु म्हणजे जुळं. जुळं दिसलं की शेजारची नोंद वाचल्याशिवाय पान उलटू नका, जन्माची वेळ अक्षरी लिहिलेली असते, दोघांच्या वेळेत थोडाच फरक असतो आणि एकच जगलेलं असतं असं बऱ्याचदा दिसतं.

ख्रिस्ताव घराण्यात चर्चची बाप्तिस्म्याची वही वेगळी आणि मृत्यूची वेगळी. जीव जाईलसं वाटलं तर घरीच वैजिणीनं (सुईणीनं) पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा हे मान्य होतं, तसं झालं असेल तर वहीत 'घरी, गरजेपोटी' अशा अर्थाचं लिहिलेलं मिळतं. बाप्तिस्मा न होता गेलेलं बाळ मात्र बाप्तिस्म्याच्या वहीत असणारच नाही, आणि १९१७ च्या चर्च कायद्याप्रमाणे त्याला चर्चचा अंत्यविधीही नव्हता, म्हणून मृत्यूच्या वहीतही सहसा नाही. १९८३ च्या कायद्यानं ते बदललं, आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती तर बिशपच्या परवानगीनं विधी करता येतो. सिमितेरीत (ख्रिस्तावांच्या दफनभूमीत) दगड शोधायला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की आपल्याकडे फोंड (पुरायचा खड्डा) परत वापरतात, साध्या माणसाचा क्रॉस टिकत नाही तर बाळाचा कुठून.

स्मशानात आणि श्राद्धाच्या यादीत शोधणं

हिंदूंमधे दात यायच्या आधीचं बाळ जाळत नाहीत, पुरतात. अस्थी नाहीत, पिंड नाही, श्राद्ध नाही. मग भटजींच्या वहीत, देवळाच्या महाजनांच्या (वंशपरंपरागत सभासदांच्या) यादीत, तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत ते येणार कसं? महाजनांच्या यादीत तर मोठे पुरुषच. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला, माडाखाली पुरलं एवढं घरातली म्हातारी सांगते आणि तेवढंच असतं.

पण एक वाट आहे जी फार कमी लोक वापरतात. लागोपाठ पोरं गेली की जोडपं त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला जायचं, नाहीतर गोकर्णाला. तिथल्या उपाध्यायांच्या वहीत बाळाचं नाव नसेल पण कोण आलं, कधी आलं, बरोबर कोण होतं हे असतं. त्या तारखेच्या आधीची दोन-चार वर्षं मग इथल्या वहीत चाळायची. नोंद मोडीत असेल तर फोटो काढून आणा, तिथल्या तिथे वाचत बसू नका. आणि शके असेल तर ७८ मिळवा, पौषातली-माघातली तारीख असेल तर बहुतेक ७९.

सासरच्या गावात शोधणं

पहिलं बाळंतपण माहेरी. हे सगळ्यांना माहीत आहे आणि शोधताना सगळे विसरतात. पहिलंच बाळ गेलेलं असेल तर त्याची नोंद आईच्या गावच्या वहीत असते. पेडण्याची, डिचोलीची, सत्तरीची घराणी असतील तर माहेर सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग असणार, म्हणजे पोर्तुगीज हद्दीबाहेर, कागद वेगळे, भाषा वेगळी, जिल्हा तेव्हा रत्नागिरी कारण सिंधुदुर्ग १९८१ ला झाला, आणि १९४८ पर्यंत तर सावंतवाडी संस्थानच. १९५५ च्या सुमाराला भारतानं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा ये-जा अवघड झाली, त्या काळातली बाळंतपणं सासरीच झाली असं घरोघरी ऐकायला मिळतं. तेव्हा साल बघून ठरवा कुठल्या बाजूला जायचं.

हॉस्पिटलच्या केसपेपरच्या मागे फार लागू नका. डॉक्टरांच्या २००२ च्या नियमात रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायची सक्ती आहे, तेवढीच. मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असाही नियम आहे, म्हणून अलीकडची घटना असेल तर आईनं स्वतः लेखी अर्ज करावा. जुनी असेल तर केसपेपर सोडा आणि लेबर रूमचं रजिस्टर आहे का ते विचारा.

उलट कोर्टातली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची फाइल, लोक बघतच नाहीत. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड म्हणायचा मूल जिवंत जन्मलं पाहिजे तरच वारस. बाप आधी गेला, बाळ नंतर जन्मून चार दिवसांनी गेलं, तर त्या चार दिवसांत बाळाला वाटा आला आणि तो पुढे आईकडे गेला. म्हणजे जमिनीसाठी त्या बाळाचा जीव किती तास होता हे सिद्ध करायची वेळ यायची आणि ते सगळं फाइलीत लिहिलेलं असतं. जमीन असलेल्या घराण्यात हा कागद चर्चच्या वहीपेक्षा जास्त बोलतो.

आजीला चारचौघात विचारणं

'आजी तुला किती मुलं?' असं विचारलं की जिवंत असलेली मोजून सांगते. 'किती बाळंतपणं झाली तुझी, वैजीण कोण यायची, पहिल्याला माहेरी गेली होतीस काय?' असं विचारा. साल आठवत नाही पण 'थोरल्याची मुंज झाली त्या वर्षी', 'चवथीच्या आदल्या दिवशी', 'सायबाचं (सेंट झेवियरचं) फेस्त होतं' हे पक्कं आठवतं आणि त्यावरून साल किंवा दिवस निघतो. जेवणं झाल्यावर, एकट्यानं, मोबाईल बाजूला ठेवून. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून. मुलांसमोर, सुनेसमोर ती बोलणार नाही, कित्येकदा स्वतःच्या मुलांनाही माहीत नसतं. नाही म्हणाली तर विषय सोडा, तिच्या धाकट्या बहिणीला किंवा नणंदेला विचारा, त्यांना सगळं माहीत असतं आणि सांगायला हरकतही नसते.

आणि मिळालेला कागद फॅमिली ग्रुपवर टाकू नका, निदान त्या बाईला आधी दाखवल्याशिवाय तरी नाही. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी ती तिची आहे, आणि ग्रुपवर कुणीतरी हात जोडलेला इमोजी टाकणार आणि दुसरा लगेच गुड मॉर्निंग.

वंशावळीच्या झाडात घालताना अ‍ॅप नाव मागतं म्हणून मनानं नाव बनवून टाकू नका, पुढच्या पिढीला ते खरंच वाटेल. 'बाळ' लिहा, मुलगा की मुलगी माहीत नसेल तर अज्ञात ठेवा, क्रम घाला की दुसरं आणि तिसरं यांच्या मधलं, आणि खाली वही नंबर, पान नंबर. आजीनं सांगितलं असेल तर 'आजीनं सांगितलं' एवढंच लिहा आणि सांगितल्याची तारीख घाला.