विधेयक अडते कुठे: संघर्ष खनिजांच्या मोहिमेत उतरणाऱ्यांसाठी

कांगोतील संघर्ष खनिजांच्या, म्हणजे ज्यांच्या विक्रीतून तेथील सशस्त्र गटांना पैसा मिळतो त्या खनिजांच्या, प्रश्नावर अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या विधिमंडळात काही करता येईल का, असे विचारणारे मराठी विद्यार्थी आणि तरुण अभियंते मला अधूनमधून भेटतात, आणि त्यांपैकी बहुतेकांची पहिली चिंता आमदारांची भेट मिळेल की नाही, ही असते. ही चिंता सोडून द्यावी. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रतिनिधिगृहाचे १६० आणि सिनेटचे ४० सदस्य आहेत. एका प्रतिनिधीमागे साधारण ४४ हजारांची वस्ती येते, म्हणजे आपल्याकडच्या विधानसभा मतदारसंघाच्या मानाने अगदीच थोडी. मतदारसंघात राहणाऱ्या व्यक्तीने रीतसर वेळ मागितली तर ती मिळते. भेट उत्तम झाली, आमदारांनी पाठिंबा जाहीर केला आणि तरीही विधेयक जागचे हलत नाही, अशा वेळी काय करायचे हे मात्र कोणी सांगत नाही. पुढे लिहिले आहे ते मुख्यतः त्याविषयी.

कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने, पूर्व कांगोतील सशस्त्र गट, तसेच कंपन्यांनी या खनिजांच्या उगमाची माहिती द्यावी असे सांगणारे अमेरिकेच्या २०१० च्या केंद्रीय डॉड-फ्रँक कायद्याचे कलम १५०२ हे सर्व तुम्हाला ठाऊक आहे, असे मी धरून चालते. राज्याच्या विधेयकाचा आवाका त्याहून पुष्कळ लहान असतो. राज्य सरकार खाणींची तपासणी करत नाही. ते संगणक, फोन, उपकरणे विकत घेते. त्यामुळे विधेयकाची मागणी एवढीच असते, की केंद्रीय कायद्यानुसार जी माहिती देणे बंधनकारक आहे, ती न दिल्याबद्दल जी कंपनी दोषी ठरली असेल, तिच्याशी राज्याने खरेदीचे करार करू नयेत. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये सिनेटर एलेन कॉर्बेट यांच्या विधेयकाद्वारे हे केले, आणि पुढच्याच वर्षी मेरीलँडने. आपल्या राज्यासाठी मसुदा करताना या दोन्ही कायद्यांच्या प्रती शेजारी ठेवाव्यात आणि शक्य तेवढे शब्द तेथूनच उचलावेत. नावीन्याची हौस येथे महागात पडते.

ती का महागात पडते, हे मॅसॅच्युसेट्समध्ये कोणत्याही अनुभवी आमदाराला विचारावे. १९९६ मध्ये याच विधिमंडळाने म्यानमारच्या लष्करी राजवटीशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांच्या निविदांवर दहा टक्क्यांचा भार टाकणारा कायदा केला होता. काही महिन्यांतच केंद्राने म्यानमारवर स्वतःचे निर्बंध आणले, प्रकरण न्यायालयात गेले आणि जून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा एकमताने रद्द केला. केंद्राने एखाद्या देशाबाबत धोरण ठरवले असताना राज्याला स्वतःचे वेगळे परराष्ट्र धोरण चालवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणूनच आपले विधेयक कांगोबद्दल स्वतःचा निवाडा करत नाही, केंद्राने दिलेल्या निवाड्याच्या मागे चालते. पहिल्याच भेटीत समोरचे सहायक विचारतील, ‘म्हणजे बर्मा (म्यानमार) कायद्यासारखेच का?’ याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले नाही, तर तुम्ही अभ्यास न करता आला आहात असा ग्रह होतो आणि तो पुसायला फार वेळ लागतो.

या रचनेची एक उणीवही आहे आणि ती झाकू नये. केंद्राचा पाया खचला की राज्याचा इमला हलतो. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने केंद्रीय नियमातील एक भाग, म्हणजे आपली उत्पादने संघर्षमुक्त आढळलेली नाहीत असे कंपनीने स्वतःच जाहीर करण्याची सक्ती, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर अवैध ठरवला. एप्रिल २०१७ मध्ये, हा नियम राबवणाऱ्या रोखे व विनिमय आयोगाच्या (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या) संबंधित विभागाने तर, केवळ प्राथमिक माहिती देऊन सविस्तर पडताळणीचा अहवाल न जोडणाऱ्या कंपन्यांवर कारवाईची शिफारस करणार नाही, असे सांगून टाकले. केंद्र कोणालाच दोषी ठरवणार नसेल, तर राज्याच्या कायद्याने कोणाला रोखायचे, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की कायदा पुस्तकात असला की खरेदी खात्याला पुरवठादाराकडे विचारणा करण्याचे कारण मिळते आणि ती विचारणा थेट खाली झिरपते. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सच्या खरेदी विभागात काम करते. खनिजे कोणत्या वितळभट्टीतून आली हे विचारणारा ठरावीक तक्ता आम्ही पुरवठादारांकडे पाठवतो, ते त्यांच्या पुरवठादारांकडे पाठवतात, आणि अमेरिकी ग्राहकांना माल देणाऱ्या पुणे-चाकण पट्ट्यातील उद्योजकांनाही हा तक्ता परका राहिलेला नाही. भट्ट्या जगात मोजक्याच असल्यामुळे साखळी तपासायची तर ती तेथेच तपासता येते. ‘मी या देशातली नसले तरी हा तक्ता रोज माझ्या हातात असतो’ हे वाक्य माझ्या कोणत्याही भावनिक आवाहनापेक्षा अधिक उपयोगी पडले. मात्र आपण वैयक्तिक नात्याने बोलत आहोत, कंपनीच्या वतीने नाही, हे दर वेळी स्पष्टपणे सांगावे आणि कार्यालयाचा ईमेल वापरू नये.

विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. आमदारांना भेटणे, पत्र लिहिणे, सुनावणीत साक्ष देणे यांसाठी नागरिकत्व लागत नाही, आणि मोबदला न घेता हे काम करणाऱ्याला व्यावसायिक लॉबिस्ट म्हणून नोंदणीही करावी लागत नाही. मतदान करता येत नाही हे उघड आहे. निवडणूक निधीला मात्र हात लावू नका: ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीने उमेदवाराला दिलेली देणगी बेकायदा ठरते, मग ती चहापानाच्या कार्यक्रमातील वीस डॉलरची का असेना.

आता खरा सापळा. मॅसॅच्युसेट्समध्ये कोणत्याही रहिवाशाला आपल्या आमदारामार्फत विधेयक दाखल करता येते, आणि दाखल झालेल्या विधेयकाला जाहीर सुनावणी मिळते. याचा अर्थ असा, की पहिले दोन टप्पे जवळजवळ आपोआप पार पडतात आणि आपण फार काही मिळवले असे वाटू लागते. मग सहप्रस्तावकांच्या सह्या जमू लागतात. आठवड्याला चार नावे वाढताना पाहून हुरूप येतो, पण सही करण्यासाठी आमदाराला काहीही मोजावे लागत नाही. उलट भेटायला आलेल्या मंडळींना खूश करून परत पाठवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

सुनावणीनंतर संयुक्त समितीने, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या समितीने, ठरलेल्या मुदतीत प्रत्येक विधेयकावर अहवाल द्यायचा असतो. २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत ही मुदत दोन वर्षांच्या अधिवेशनातील दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला येत असे. अहवाल ‘मंजूर व्हावे’ असा असू शकतो किंवा ‘मंजूर होऊ नये’ असा. तिसरी वाट अभ्यास-आदेशाची. त्यात एकाच विषयगटातील अनेक विधेयके एकत्र बांधली जातात, समितीला सुटीच्या काळात त्यांचा तपास व अभ्यास करण्याची मुभा द्यावी अशा आशयाचा आदेश तयार होतो, त्याला स्वतःचा नवा क्रमांक मिळतो आणि तो नियम समितीकडे जातो. बहुतेक वेळा तो तेथून परत येत नाही. कोणी तपास करत नाही, कोणी अहवाल लिहीत नाही. आपल्या विधेयकाच्या पानावर शेवटची ओळ उमटते, की हे अमुक क्रमांकाच्या अभ्यास-आदेशासोबत जोडले गेले आहे, आणि ती ओळ तशीच राहते.

आमच्या विधेयकावर ती ओळ उमटली त्या संध्याकाळी आमच्या गटात अभिनंदनाचे निरोप फिरले. समिती आता खोलात जाऊन पाहणार, असा आम्ही सर्वांनीच अर्थ लावला. एका कार्यालयातील ज्येष्ठ सहायकबाईंना मी आभाराचा फोन केला तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग सौम्यपणे म्हणाल्या, ‘आभार कशाबद्दल?’

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण, की या पद्धतीत कोणालाही ‘नाही’ म्हणावे लागत नाही. सभागृहात मतदान होत नाही, कोणाचे नाव विरोधात नोंदले जात नाही, सह्या करणारे सर्वजण ‘आम्ही तर पाठिंबा दिला होता’ असे सांगायला मोकळे राहतात, आणि विधेयक बासनात जाते. आपल्याकडे समिती नेमून विषय थंड केला जातो हे ज्यांनी लहानपणापासून वर्तमानपत्रांत वाचले आहे, त्यांनाही येथे ते ओळखू येत नाही, कारण सर्व काही हसतमुखाने आणि वेळेवर होते.

म्हणून ‘आपला पाठिंबा आहे ना?’ हा प्रश्न विचारणे बंद करा. त्याऐवजी असे विचारा: ‘समितीच्या अध्यक्षांना अनुकूल अहवालासाठी आपण आपल्या सहीचे पत्र मुदतीपूर्वी पाठवाल का, आणि त्याची प्रत आम्हाला मिळेल का?’ या प्रश्नाला गोलमोल उत्तर देता येत नाही. पत्र आले तर पाठिंबा खरा. ‘पाहतो’ असे उत्तर आले आणि पुढे काही घडले नाही, तर त्या सहीची किंमत कळली. त्याच वेळी समितीच्या दोन्ही अध्यक्षांच्या मतदारसंघात राहणारी माणसे शोधा. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधील शंभर विद्यार्थ्यांच्या ईमेलपेक्षा अध्यक्षांच्या गावातील तीन रहिवासी आणि तेथील एका चर्चचे धर्मगुरू यांची एक भेट अधिक वजनदार ठरते. समितीने मुदतवाढ घेतली तर निराश होऊ नका, ती बहुधा चांगली बातमी असते, कारण दार अजून बंद झालेले नसते. अनुकूल अहवाल मिळाला तरी विसावू नका. पुढे अर्थ समितीत हीच गत होऊ शकते आणि तेथेही हाच प्रश्न विचारायचा असतो. अभ्यास-आदेश निघालाच, तर सर्व संपले असेही नाही. एखाद्या खरेदीविषयक विधेयकाला किंवा अर्थसंकल्पाच्या जोडकलमांना आपला मजकूर दुरुस्ती म्हणून जोडण्याचा प्रयत्न करता येतो. आमच्या गटाने तो केला. जमला नाही, पण त्या निमित्ताने अर्थ समितीतील माणसे ओळखीची झाली.

जवळच्या वाटांबद्दल माझी मते जरा कडक आहेत. एका कळीवर पाठवता येणारे ठरावीक मजकुराचे ईमेल हे कार्यकर्त्याच्या समाधानासाठी असतात. कार्यालयात त्यांची फक्त मोजदाद होते. ‘माझी सिनेटरांशी ओळख आहे’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शकांपासून दोन हात लांब राहावे. असे एक गृहस्थ आमच्याकडे होते. ते प्रत्येक बैठकीत ‘वरून बोलणे झाले आहे’ असे सांगत आणि आम्ही हातावर हात ठेवून बसत असू. तुमचा खरा गुरू म्हणजे आमदारांच्या कार्यालयातील तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा सहायक, ज्याच्या टेबलावर शंभर विधेयकांच्या फाइली आहेत. त्याच्यासाठी एका पानाचे टिपण तयार ठेवा: विधेयकाचा क्रमांक, मागणी, राज्याच्या तिजोरीवर पडणारा भार, इतर राज्यांतील स्थिती. दुसरे पान जोडले तर पहिलेही वाचले जात नाही.

एका प्रश्नाची तयारी मात्र मनापासून करावी, कारण तो प्रामाणिक आमदारच विचारतात: ‘या कायद्यांमुळे तेथील गरीब खाणकामगारांचेच पोट मारले गेले ना?’ सप्टेंबर २०१० मध्ये कांगोचे राष्ट्राध्यक्ष कबिला यांनी पूर्वेकडील तीन प्रांतांतील खाणकाम काही महिने बंद केले होते, आणि पुढे अनेक खरेदीदारांनी तपासणीच्या कटकटीपेक्षा त्या प्रदेशातून माल घेणेच टाळले. त्याचे चटके हाताने खणणाऱ्यांना बसले. हे नाकारू नका. ज्या खाणी तपासून स्वच्छ ठरल्या आहेत, तेथून खरेदी चालू राहावी हीच आपली मागणी आहे, आणि बहिष्काराला आपला विरोध आहे, असे ठामपणे सांगा. प्रश्न जुना झाला, असे कोणी म्हणाले तर २०२४ मध्ये एम-२३ या बंडखोर गटाने पूर्व कांगोतील रुबायाच्या कोल्टन (टँटलमचे खनिज) खाणींवर आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहरावर मिळवलेल्या ताब्याची आठवण द्यावी. अत्याचारांची छायाचित्रे घेऊन सुनावणीला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची ती छायाचित्रे आहेत त्यांची परवानगी कोणी घेतलेली नसते. कांगोतून आलेली कुटुंबे राज्यात असतील तर त्यांना आधी विचारावे, मसुदा दाखवावा, आणि साक्षीच्या यादीत त्यांचे नाव आपल्या वर असावे.

साक्षीला बहुधा तीन मिनिटे मिळतात आणि त्यासाठी चार-पाच तास ताटकळावे लागते. बोलताना समोरचे सदस्य उठून जातात, दुसरे येतात. तो अपमान नसतो, त्यांच्या त्याच वेळी इतर समित्या चालू असतात. लेखी निवेदन सोबत द्यावे, कारण पुढे वाचले जाते ते तेच.

विधेयक पडले तर पुढचे अधिवेशन विषम वर्षाच्या जानेवारीत सुरू होते आणि दाखल करण्याची नियमित मुदत त्या महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी संपते. जानेवारीत धावाधाव करण्यापेक्षा निवडणूक झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच प्रस्तावक आमदारांना सुधारलेला मसुदा द्यावा. समित्यांचे अध्यक्ष त्यानंतर जाहीर होतात आणि बदलतात, सहायकही नोकऱ्या बदलतात. त्यामुळे मागच्या वेळी मिळालेल्या प्रत्येक पत्राची प्रत स्वतःजवळ जपून ठेवा आणि नव्या अध्यक्षांच्या पहिल्या भेटीत तीच आधी टेबलावर ठेवा.