प्रायव्हेट पायलटची लेखी परीक्षा देताय? मग या चुका टाळा

एफएएची (अमेरिकेची विमानवाहतूक यंत्रणा) प्रायव्हेट पायलटची लेखी परीक्षा कागदावर बघितली तर काहीच नाही, ६० प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, ७० टक्के म्हणजे ४२ बरोबर आले की पास. तरी लोक आपटतात, आणि काठावर पास होणारे पण बरेच असतात ज्यांना नंतर ओरलमध्ये (चेकराइड म्हणजे शेवटच्या प्रॅक्टिकल परीक्षेतला तोंडी भाग) घाम फुटतो. विषय डोक्यावरून जातात म्हणून हे होतं असं नाही, तयारीची पद्धतच गंडलेली असते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे घोकंपट्टी. कुठलंतरी अ‍ॅप घ्यायचं, त्यातले शेकडो प्रश्न फिरवून फिरवून सोडवायचे, ९५ टक्के यायला लागले की वाटतं झाली तयारी. पण तेव्हा तुम्ही प्रश्न वाचतच नसता हो, पहिले चार शब्द दिसले की बोट आपोआप "ब" वर जातं. एफएए आता परीक्षेतले खरे प्रश्न जाहीर करत नाही, फक्त नमुन्याचे देते, त्यामुळे अ‍ॅपमधलेच आकडे समोर येतील याची काही खात्री नाही. उंची बदलली, व्हेरिएशन (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) पूर्वेऐवजी पश्चिमेला गेलं की संपला विषय. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर पर्याय हाताने झाकून उत्तर द्या आणि बाकीचे दोन चूक का आहेत तेही मोठ्याने सांगा. अडखळलात तर तो टॉपिक कच्चा आहे, स्कोअर काहीही दाखवू दे. आणि एफएएची हँडबुकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, जिथे अडलं तिथला चॅप्टर उघडून वाचा, परत शंभर प्रश्न मारून ते कळणार नाहीये.

आता मार्क खरे कुठे जातात ते सांगतो. माझं मत विचाराल तर बहुतेक चुका "हा आकडा कशाच्या हिशोबात आहे" हे न बघितल्यामुळे होतात. ट्रू (खऱ्या उत्तरेपासून) की मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेपासून), नॉटिकल मैल की स्टॅट्यूट (जमिनीवरचा) मैल, झुलू (यूटीसी) की लोकल वेळ, गॅलन की पाउंड. पर्याय बनवणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं, त्यामुळे तुमची चूक करून जे उत्तर येतं ना, ते पर्यायात हमखास वाट बघत बसलेलं असतं, आणि ते दिसलं की आपण खूश होऊन टिक करून पुढे जातो.

व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघून उडणं) क्रूझिंग आल्टिट्यूडचंच घ्या. जमिनीपासून ३००० फुटांच्या वर गेलात की मॅग्नेटिक कोर्स (जायच्या वाटेची दिशा) ० ते १७९ असेल तर विषम हजार अधिक ५००, १८० ते ३५९ असेल तर सम हजार अधिक ५००. नियम सगळ्यांना पाठ असतो. प्रश्नात ट्रू कोर्स १७५ देतात आणि व्हेरिएशन ७ अंश पश्चिम. घाईत माणूस १७५ बघतो आणि ५५०० वर टिक करतो. पश्चिम व्हेरिएशन मिळवायचं असतं, म्हणजे मॅग्नेटिक कोर्स झाला १८२, म्हणजे ४५०० किंवा ६५००. आणि काहीजण त्यात वाऱ्याची करेक्शन पण घालून हेडिंग (विमानाचं नाक कुठे ते) काढतात आणि त्यावरून आल्टिट्यूड ठरवतात, तेही चूक, इथे कोर्सच लागतो, हेडिंग नाही.

वाऱ्याचं पण तसंच. मेटार (विमानतळाचं आत्ताचं हवामान), टॅफ (तिथला अंदाज) आणि विंड्स अलॉफ्टमधला (वरच्या उंचीवरच्या वाऱ्याचा अंदाज) वारा ट्रू असतो, टॉवर किंवा एटिस (विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती) सांगतं तो मॅग्नेटिक. सोपं लक्षात ठेवायचं, वाचलेला वारा ट्रू, ऐकलेला मॅग्नेटिक. रनवेचे नंबर मॅग्नेटिक असतात म्हणून क्रॉसविंडच्या (आडव्या वाऱ्याच्या) प्रश्नात वारा कुठून आला ते आधी बघा. विंड्स अलॉफ्टमध्ये ९९०० म्हणजे हलका आणि दिशा न ठरणारा वारा, आणि ७३१९६० असं काही दिसलं तर घाबरू नका, दिशेतून (पहिले दोन आकडे, दहाच्या पटीत) ५० वजा करा आणि वेगात (पुढचे दोन) १०० मिळवा, म्हणजे २३० वरून ११९ नॉट, तापमान उणे ६०.

डेन्सिटी आल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची) तर एकदा हाताने कराच, नुसतं चार्टवर बोट फिरवून काही होत नाही. समजा फील्ड एलिव्हेशन ४००० फूट, आल्टिमीटर सेटिंग (हवेचा दाब, इंचात) २९.६२, तापमान ३२ सेल्सियस. स्टँडर्ड २९.९२ मधून २९.६२ गेले की राहिले ०.३०, एक इंचाला साधारण १००० फूट म्हणजे ३०० फूट, दाब स्टँडर्डपेक्षा कमी आहे म्हणून ते मिळवायचे, प्रेशर आल्टिट्यूड ४३००. आता त्या उंचीला स्टँडर्ड तापमान किती, तर १५ मधून दर हजार फुटांना २ अंश वजा, म्हणजे साधारण ६.४. बाहेर ३२ आहे, फरक २५.६, त्याला १२० ने गुणलं की ३०७० च्या आसपास. म्हणजे डेन्सिटी आल्टिट्यूड जवळपास ७४००. विमान उभं आहे ४००० वर आणि इंजिनाला, पंखाला वाटतंय आपण ७४०० वर आहोत. एकदा हे डोक्यात बसलं की टेकऑफ डिस्टन्सचे सगळे प्रश्न सोपे वाटायला लागतात, कारण उत्तर कुठल्या बाजूला जाणार ते आधीच कळतं. इथली नेहमीची चूक म्हणजे मिळवायचं तिथे वजा करणं, सेटिंग ३०.२२ असेल तर उलटं होतं हे विसरणं.

नियमांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ रात्रीचा. एफएएच्या रात्री तीन प्रकारच्या आहेत बरं का. पोझिशन लाइट लावायचे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. लॉगबुकात नाइट टाइम लिहायचा तो संध्याकाळचा सिव्हिल ट्वायलाइट (संधिप्रकाश) संपल्यापासून सकाळचा सुरू होईपर्यंत. आणि रात्री पॅसेंजर घ्यायचे तर सूर्यास्तानंतर १ तास ते सूर्योदयाआधी १ तास या वेळेतले, मागच्या ९० दिवसांतले ३ टेकऑफ आणि ३ फुल स्टॉप (पूर्ण थांबून केलेली) लँडिंग लागतात. प्रश्नात लाइटबद्दल विचारलंय की लॉगबद्दल की पॅसेंजरबद्दल, तो एक शब्द सापडला की उत्तर सापडलं. फ्युएल रिझर्व्हलाही (राखीव इंधन) हेच, दिवसा ३० मिनिटं, रात्री ४५.

वेट अँड बॅलन्समध्ये फ्युएल गॅलनमध्ये दिलेलं असतं आणि लोक तसंच टेबलात टाकतात. अ‍ॅव्हगॅस ६ पाउंड प्रति गॅलन, ४० गॅलन म्हणजे २४० पाउंड. मोमेंट (वजन गुणिले अंतर) भागिले १०० आहे की १००० तेही बघा. बाकी काही नाही, बेरीज-वजाबाकीच आहे.

चार्टवर मोजताना प्लॉटरची (नकाशावरची मोजपट्टी) चुकीची बाजू वापरणं हा क्लासिक घोटाळा, एका बाजूला सेक्शनलचं (मोठ्या भागाचा उड्डाण नकाशा) स्केल, दुसऱ्या बाजूला टर्मिनल चार्टचं (मोठ्या विमानतळाभोवतीचा नकाशा), वर नॉटिकल आणि स्टॅट्यूट वेगळं. परीक्षेत जे पान दिलंय त्यावर छापलेल्या स्केलवरूनच मोजा, किंवा रेखांशाच्या उभ्या रेषेवरच्या खुणा मोजा, अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १ नॉटिकल मैल. आणि अमेरिकेत रेखांश डावीकडे वाढतो, सवयीने उजवीकडे मोजलं की शेजारचा एअरपोर्ट येतो, आणि तो पण पर्यायात असतोच!

एक गोष्ट बरेच जण वापरतच नाहीत, ती म्हणजे सप्लिमेंटमधली लीजेंडची (चिन्हांचे अर्थ सांगणारी) पानं. सेंटरवर आकृत्यांचं जे पुस्तक देतात त्यात सुरुवातीला चार्टची लीजेंड असते, एअरस्पेसच्या रेषा, चिन्हं, सगळं. पाठ करून आठवत बसण्यापेक्षा पान उलटा. आधीपासून त्याच सप्लिमेंटवर प्रॅक्टिस केली तर कुठे काय आहे ते हाताला माहीत होतं.

कागदपत्रांवरून परत पाठवतात अशा केसेस पण होतात. इन्स्ट्रक्टरचं किंवा ग्राउंड कोर्सचं एन्डॉर्समेंट (तयार असल्याची लेखी सही) लागतं, रजिस्ट्रेशनला आयाक्रामधून (एफएएची ऑनलाइन अर्जाची साइट) मिळणारा एफटीएन (ओळख क्रमांक) नंबर लागतो, आणि फोटो आयडीवरचं नाव तिथल्या नावाशी जुळायला हवं. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असलं काही असेल तर आधीच मिटवून घ्या. स्वतःचा ई-सिक्स-बी (उड्डाणाच्या हिशोबाचं कॅल्क्युलेटर) आणि प्लॉटर नेता येतो, इलेक्ट्रॉनिक असेल तर मेमरी पुसायला लागते.

तारीख कधी घ्यायची? फार लवकर घेतली तर चेकराइडपर्यंत सगळं विसरायला होतं, फार उशिरा ठेवली तर फ्लाइंग अडतं. रिझल्ट २४ कॅलेंडर महिने चालतो, म्हणजे ५ मार्च २०२४ ला पास झालात तर ३१ मार्च २०२६ पर्यंत. मला विचाराल तर सोलोच्या (पहिल्यांदा एकट्याने उडणं) आसपास द्यावी, तेव्हा एअरस्पेस आणि रेडिओ खरंच वापरात असतात म्हणून वाचलेलं टिकतं.

पास झालात तरी रिपोर्ट फेकू नका. चुकलेल्या प्रश्नांचे कोड त्यावर असतात, प्रश्न नसतो, फक्त विषयाचा कोड. ओरलला एक्झामिनर तेच कोड समोर ठेवून विचारणार, कारण तसं विचारणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. प्रत्येक कोड एसीएसमध्ये (परीक्षेत काय यायला हवं त्याची एफएएची यादी) शोधा, इन्स्ट्रक्टरबरोबर बसून तेवढाच भाग पक्का करा. नापास झालात तरी रस्ता तोच, फक्त परत बसायच्या आधी इन्स्ट्रक्टरने जादा ट्रेनिंग दिलंय असं नवीन एन्डॉर्समेंट लागतं, त्याशिवाय सेंटरवाले बसू देत नाहीत.