बडोद्यातून ऑस्ट्रेलियाची पीआर: एजंट शोधायच्या आधी मार्कशीट बाहेर काढा

ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी, दांडिया बाजारातून नाहीतर मांजलपूरमधून ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच आणि पहिला प्रश्न ठरलेला, एजंट कोणता घेऊ. मी म्हणतो आधी दहावीपासूनच्या मार्कशीट, पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट सगळं सतरंजीवर पसरा आणि नुसती नावं वाचा. आपल्या गुजरातेत मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा, आणि मुलींचं लग्नानंतर मधलं नावपण बदलतं. माझ्या बायकोच्या एका मार्कशीटवर सासऱ्यांच्या नावाला 'भाई' चिकटलेलं निघालं, दुसरीवर नाही. अशा फरकांचं ॲफिडेविट आधीच करून ठेवा. जन्माचा दाखला गुजरातीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भारतात करून घेतलं तर त्यावर भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि शिक्षण-अनुभव लिहिलेला पाहिजे.

आता पॉइंट, म्हणजे वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांचे मिळणारे गुण. कमीत कमी 65 लागतात आणि इन्व्हिटेशन, म्हणजे व्हिसाचा अर्ज भरायचं बोलावणं, येताना वय 45 च्या आत पाहिजे. 25 ते 32 वयाला 30 पॉइंट, 33 पूर्ण झाली की 25, चाळिशीनंतर 15. बॅचलर डिग्रीचे 15. ऑस्ट्रेलियाबाहेरचा अनुभव तीन वर्षांचा असेल तर 5, पाच वर्षांचा 10, आठ वर्षांचा 15. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत 7 आले तर 10, चारही भागांत 8 आले तर 20. म्हणजे 31 वर्षांचा बीई झालेला मुलगा, पाच वर्षं नोकरी, इंग्रजीत 7, बेरीज बरोबर 65. पण 65 ही फक्त रांगेत उभं राहायची चिठ्ठी आहे, नंबर वरच्या पॉइंटवाल्यांचा आधी लागतो, म्हणून इंग्रजीची परीक्षा परत द्यायचा कंटाळा करू नका, एवढे पॉइंट इतक्या कमी दिवसांत दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. तिथल्या एखाद्या राज्याने नॉमिनेट केलं, म्हणजे तुमचं नाव पुढे केलं, तर 190 नंबरच्या व्हिसात 5 वाढतात, 491 नंबरच्या व्हिसात 15, फक्त 491 ही लगेच पीआर नाही, ठरलेल्या भागात राहून तीन वर्षांनी 191 या पीआर व्हिसासाठी अर्ज करायचा असतो.

खरी मेहनत स्किल असेसमेंटची, म्हणजे तुमचं शिक्षण आणि काम तिथल्या संस्थेकडून तपासून घ्यायची. आयटीवाल्यांचं एसीएस (ऑस्ट्रेलियन कम्प्युटर सोसायटी) करतं, इंजिनिअरांचं इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, आणि डिग्री वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये (एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायचा देशांमधला करार) बसत नसेल तर सीडीआर, म्हणजे आपल्या कौशल्याचा अहवाल, लिहावा लागतो. त्यात तीन करिअर एपिसोड, म्हणजे स्वतः केलेल्या कामांच्या हकिकती, प्रत्येक 1000 ते 2500 शब्दांचा, परिच्छेदांना 1.1, 1.2 असे नंबर, आणि शेवटी समरी स्टेटमेंटमध्ये कुठलं कौशल्य कुठल्या परिच्छेदात दाखवलंय ते नंबर टाकून सांगायचं. माझ्या मेहुण्याला एका एजंटने 'सॅम्पल' म्हणून दुसऱ्याच कुणाचा एपिसोड दिला, नाव बदल आणि पाठव म्हणे. कळवळून सांगतो, हे करू नका, तिथे कॉपी तपासतात आणि सगळं तिथेच बुडतं.

मग आम्ही दोघं बसून परत लिहायला लागलो. तो मकरपुरा जीआयडीसीत प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या, बनवणाऱ्या कंपनीत डिझाईनला, आणि त्याचं प्रत्येक वाक्य 'वी'ने सुरू. वी डिझाईन्ड, वी टेस्टेड. आपल्याला सवयच तशी लागलीय, स्वतःचं नाव पुढे करायला संकोच वाटतो. पण तिथे टीमने काय केलं ते नको असतं, तुम्ही काय केलं ते हवं असतं. मी विचारलं, नोझलजवळच्या रिइन्फोर्समेंट पॅडची, म्हणजे टाकीच्या तोंडाशी मजबुतीला लावलेल्या पट्टीची, जाडी कुणी काढली? मीच. कशी? तर गड्याने वहीच काढून दाखवली, पेन्सिलीने केलेली आकडेमोड, खाडाखोड, जाडी एकदा वाढवून परत का कमी केली ते सगळं. तोच एपिसोड झाला, 'आय कॅल्क्युलेटेड'ने सुरू होणारा.

अनुभवाचं लेटर लेटरहेडवर, हुद्दा, तारखा, पूर्णवेळ की कसं, पगार आणि कामं सविस्तर लिहिलेलं पाहिजे, आणि जोडीला फॉर्म 16, पीएफचं स्टेटमेंट असे बाहेरचे पुरावे. जुन्या एका शेठकडे मला पगार रोख मिळायचा, त्या दीड वर्षाचा एकही कागद नाही, सगळा अनुभव वाया. तुम्ही आज रोखीत काम करत असाल तर आजच बँकेत पगार मागा.

मग स्किलसिलेक्ट या ऑस्ट्रेलियन सरकारच्या वेबसाइटवर ईओआय, म्हणजे मला यायचंय असं कळवणारा फॉर्म, टाकायचा, तो दोन वर्षं चालतो. चालू नोकरीची शेवटची तारीख रिकामी सोडा, म्हणजे वर्षं भरली की पॉइंट आपोआप वाढतात. आणि जे कागदावर नाही ते पॉइंट मागू नका, इन्व्हिटेशन आल्यावर सिद्ध करता आलं नाही तर व्हिसा नाकारू शकतात आणि फीपण जाते.

इन्व्हिटेशन आलं की 60 दिवसांत अर्ज भरायचा, त्यामुळे पासपोर्ट सेवा केंद्राची पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, कशी काढायची ते आधी बघून ठेवा, कुठल्या देशात गेल्या दहा वर्षांत एकूण बारा महिने राहिला असाल तर तिथलीपण लागते. मेडिकल फक्त ऑस्ट्रेलियन सरकारच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडे, घरच्या डॉक्टरांचं चालत नाही, आणि जाताना पासपोर्ट आणि एचएपी आयडीचं (मेडिकलसाठी मिळणारा नंबर) प्रिंट सोबत घ्या.