बांधावर मारवेल गवत लावायची हीच वेळ आहे

मंडळी, आर्द्राचा पाऊस झाला, वाफसा आलाय, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर झालीय, आणि जो तो पेरणीच्या मागं आहे, तरी त्यातून दोन सकाळी बांधासाठी काढा हे माझं कळकळीचं सांगणं आहे. दरवर्षी बघतोय, जूनमध्ये तणनाशक मारून बांध उघडाबोडका करायचा, पावसात तो ढासळला की हळहळायचं आणि मार्चमध्ये कडब्याची पेंढी मागेल त्या भावानं आणायची. त्याच बांधावर मारवेल असतं तर मातीही धरली असती आणि दावणीला वैरणही आली असती.

मारवेल काय नवीन पीक नाही, आपल्या पठारावरचं जुनं रानगवत आहे, एकदा धरलं की वर्षानुवर्षं फुटत राहतं. जुन्या माणसांना विचारा, ओढ्याकडंला कुठं आहे ते हात धरून दाखवतील. खूण सांगतो, कांडी हातात घेऊन पेराजवळ बघा, पांढऱ्या बारीक केसांचं कडं दिसतं, अंगठी घातल्यासारखं. शास्त्रीय नाव डायकँथियम अ‍ॅन्युलेटम, त्यातलं अ‍ॅन्युलेटम म्हणजे कडं असलेलं. फुलोऱ्यात आलं की टोकाला बोटांसारखे जांभळट तुरे येतात.

ठोंब म्हणजे मुळांसकट गवताचा झुबका, तो उपटताना मात्र डोळ्यात तेल घाला, कुंदा किंवा हराळी या चिवट तणांचा तुकडा चुकून सोबत आला तर बांधावरून शेतात उतरेल आणि मग काळ्या रानातून तो काढता काढता जन्म जाईल. मारवेलचं तसं नाही, ते ठोंबानं वाढतं, फारतर जमिनीला टेकलेली कांडी पेराला मुळं धरते, पण कुंद्यासारखं जमिनीखाली गड्डे करून पळत नाही. ओढ्याकडचं नको असेल तर निवडलेले वाण आहेत, मारवेल-8 जुना, राहुरीच्या विद्यापीठाचा फुले मारवेल 06-40 आहे, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ठोंबांची चौकशी करा.

बी टाकण्यापेक्षा मला ठोंबच बरे वाटतात. बी हलकं, कुसासारखं, वाऱ्यानं उडतं आणि खोल गेलं तर उगवतच नाही. जुना ठोंब खणून काढा, वरचा पाला वीतभर ठेवून छाटा, दोन-तीन फुटवे आणि खाली मुळं राहतील असे तुकडे करा, ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावा. पडीक तुकड्यात लावायचं तर दोन ओळीत 60 सेंमी आणि दोन ठोंबात 30 सेंमी, म्हणजे गुंठ्याला साडेपाचशेच्या आसपास ठोंब लागतात. बांधावर एक फुटावर एक लावा, माती पायानं घट्ट दाबा, पोकळ राहिलं की ठोंब वाळतो. शेणखत असेल तर लावताना मूठमूठ घाला. पहिले दीड महिने एक-दोन खुरपण्या करा, पुढं ते स्वतःच तण दाबतं.

पहिल्या वर्षी जनावर सोडू नका, हे मी पोळून शिकलोय. लावल्यावर दोन महिन्यांत हिरवंगार दिसलं म्हणून शेळ्या सोडल्या, शेळीनं ओढलं की मुळासकट हातभर ठोंब वर, निम्मा बांध परत लावावा लागला. आता पहिल्या वर्षी फक्त विळ्यानं कापतो, जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून. खरडून कापलं की फूट मार खाते.

कापणीची वेळ महत्त्वाची आणि इथंच सगळे चुकतात. दिवाळीनंतर सवडीनं कापू म्हणतात, तोवर गवत पिवळं पडून काडी झालेलं असतं. निम्मं रान फुलोऱ्यात दिसलं की कापा, तेव्हा प्रथिनं साधारण 5 ते 7 टक्के असतात, वाळून काडी झाल्यावर फार तर निम्मी उरतात. डोंगरावरच्या कुसळी गवताला तर त्याहून घाई करा, कुसळं टोकदार झाली की जनावराच्या तोंडात रुततात, मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतात.

कापल्यावर पाऊस आला तर गुंठ्याला अर्धा किलो युरिया ओलीवर टाका, त्यानंतर पंधरा दिवस ते गवत जनावराला देऊ नका. वाळवताना दोन-तीन दिवस उलटंपालटं करा. मूठभर पिळून बघा, तळहाताला ओल जाणवली तर गंजीला लावू नका, आतून तापतं, बुरशी धरते आणि मग गायी तोंड लावत नाहीत. गंजीखाली दगड नाहीतर लाकडं घाला.

दुभत्या जनावराला नुसतं मारवेल पुरत नाही हेही सांगून ठेवतो, सोबत शेंगावर्गातला द्विदल चारा पाहिजेच. मारवेलच्या दोन ओळींत स्टायलो टाका किंवा बांधाच्या दुसऱ्या अंगाला दशरथ घास लावा, दोन्ही द्विदल चाराच आहेत. ठोंब यंदा कमी मिळाले तर आहे तेवढेच एका बांधावर लावा, पुढच्या आषाढात त्यातूनच बाकीच्या बांधांना पुरतील एवढे निघतात.